स्वतःच्या पुस्तकाची दवंडी

पुस्तक लिहून झाले, मुद्रिते तपासून झाली, मुखपृष्ठाच्या रंगावरून चित्रकाराशी दोन वेळा वाद घालून झाला, आणि एके दिवशी सकाळी बाइंडरकडचा टेम्पो आमच्या दारात येऊन उभा राहिला. हमालाने पन्नास-पन्नास प्रतींचे दहा गठ्ठे ओसरीवर रचले, मजुरी मोजून घेतली आणि जाता जाता सहज विचारले, “मास्तर, सगळी एकाच नमुन्याची कशाला आणलीत?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ही गोष्ट २००१ सालची. कादंबरी लिहिण्यास आम्हांस चार वर्षे लागली होती, आणि अवघड काम आता संपले अशी आमची भाबडी समजूत होती.

या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस सुचविलेला विषय ‘मराठी कादंबरीचे भवितव्य’ असा होता. भवितव्याविषयी बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्या दहा गठ्ठ्यांविषयी मात्र व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. ते शिष्टसंमत समजले जात नाही. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही विषय लहान करून घेतला. ज्याच्या पाठीशी प्रकाशक नाही, ज्याने पदरमोड करून कादंबरी छापली, त्याने ती लोकांपर्यंत न्यावी कशी, आणि नेताना कोठे थांबावे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम हिशोब सांगतो, कारण हिशोबावाचून पुढची लाचारी समजणार नाही. आमच्या पाचशे प्रतींना कागद, छपाई, बांधणी मिळून तीस हजार रुपये लागले, म्हणजे प्रतीस साठ. ते आम्ही भविष्य निर्वाह निधीतून उचलले. किंमत दीडशे ठेवली. वरकरणी प्रतीमागे नव्वद रुपये सुटतात असे वाटते. आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु विक्रेत्याचे कमिशन शेकडा चाळीस, म्हणजे साठ रुपये, आणि तेही पुस्तक विकले गेले तर. रोख कोणी घेत नाही; प्रती दुकानात ठेवून यावयाच्या आणि सहा महिन्यांनी विचारावयास जावयाचे. तेव्हा हाती येणार नव्वद रुपये. नुसते घातलेले तीस हजार परत यावयाचे तर तीनशे चौतीस प्रती खपल्या पाहिजेत. पन्नास प्रती अभिप्रायार्थ, नातलग आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही अशा मंडळींत गेल्या. उरल्या साडेचारशे. त्यांतल्या दर चार प्रतींपैकी जवळजवळ तीन विकल्या तेव्हा लेखक शून्यावर येतो. चार वर्षांच्या श्रमाचा एक पैसाही तोवर धरलेला नाही. आणि हे ज्या गावात आमचे नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हते, त्या गावात बसून करावयाचे.

आता मूळ अडचण पाहू. भाजीवाली गवारीची शेंग मोडून दाखविते. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो. पुस्तकाचे तसे नाही. ते वाचल्यावाचून कसे आहे ते कळत नाही, आणि वाचून झाले की विकत घेण्याचे कारण उरत नाही. म्हणून गिऱ्हाईक कोणाच्या तरी शब्दावर विसंबते. लेखकाच्या शब्दावर ते विसंबणार नाही, कारण आपले ताक आंबट असे कोणी म्हणत नाही. म्हणजे लेखकाला दुसऱ्याचा शब्द हवा. जितकी म्हणून पापे या धंद्यात होतात ती सगळी या दुसऱ्याच्या शब्दाच्या शोधात होतात.

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. त्याने १८५५ साली आपला काव्यसंग्रह स्वखर्चाने छापला आणि निनावी परीक्षणे स्वतःच लिहून वृत्तपत्रांत आणविली. इमर्सनसारख्या थोर पुरुषाने त्याला खासगी पत्रातून शाबासकी दिली, तर ते पत्र इमर्सनची परवानगी न घेता त्याने छापू दिले, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या पाठकण्यावर त्यातली एक ओळ इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उठविली. तो कवी होता, कादंबरीकार नव्हे. पण गठ्ठे सर्वांचे सारखेच.

कादंबरीकारांत स्टीफन क्रेनची हकीकत आम्हांस फार करुण वाटते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या एका मुलीची गोष्ट, ‘मॅगी’, त्याने १८९३ साली पदरच्या पैशाने छापली. वय एकवीस. विषय इतका उघडावाघडा की त्याने स्वतःचे नावही घातले नाही. जॉन्स्टन स्मिथ असे टोपणनाव घेतले. पिवळ्या कागदी वेष्टनाचे ते पुस्तक कोणी घेईना. तेव्हा, अशी गोष्ट सांगतात, त्याने चार माणसे भाड्याने आणून त्यांना शहराच्या उंचावरून धावणाऱ्या आगगाडीत पुस्तक उघडून बसविले. उतारूंना पिवळे वेष्टन दिसावे आणि सारे गाव हेच वाचीत आहे असे वाटावे, ही कल्पना. पुस्तक खपले नाही. दोन वर्षांनी युद्धावरच्या कादंबरीने तो एकदम कीर्तीच्या शिखरावर गेला, तेव्हा १८९६ साली एका मोठ्या प्रकाशकाने ‘मॅगी’ थोडी सौम्य करून पुन्हा काढली. क्रेन १९०० साली अठ्ठावीस वर्षांचा असताना क्षयाने वारला. त्या चार भाडोत्री वाचकांपैकी एकाने तरी कंटाळा आला म्हणून चार ओळी खरोखर वाचल्या असतील का, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

याच्या उलट डिकन्स. तो १८४३ साली एकतीस वर्षांचा, नामांकित लेखक. पण त्या वर्षी चालू असलेल्या कादंबरीचे अंक मनासारखे खपत नव्हते आणि प्रकाशकांशी कुरबूर सुरू होती. नाताळावरची आपली छोटी कथा त्याने मुद्दाम अशा कराराने काढली की छपाईचा सारा खर्च त्याचा, नफाही त्याचा, आणि प्रकाशकाला केवळ अडत. मग हौसेला मोल नाही! सोनेरी कडा, हाताने रंगविलेली चित्रे. आतल्या कागदाचा हिरवा रंग आवडला नाही म्हणून बदलून पिवळा केला. किंमत मात्र पाच शिलिंग, सर्वांना परवडावी म्हणून. पुस्तक १९ डिसेंबरला निघाले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती उडाल्या. डिकन्सने हजार पौंडांची अपेक्षा धरली होती. हिशोब आला तो दोनशे तीस पौंडांचा. बाकीचे सोनेरी कडांनी खाल्ले. त्यावर आणखी, पुढच्याच महिन्यात एका स्वस्त नियतकालिकाने ती कथा थोडी फिरवून छापली. डिकन्स कोर्टात गेला आणि जिंकला. प्रतिवाद्यांनी दिवाळे जाहीर केले, आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला. आमच्याकडे कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते लंडनलाही लागू पडते तर!

पण डिकन्सला पुढे जी वाट सापडली ती आजच्या या सभागृहाशी संबंध असलेली आहे. डिसेंबर १८५३ मध्ये त्याने बर्मिंगहॅमच्या नगरभवनात हीच कथा धर्मादाय कामासाठी लोकांपुढे वाचून दाखविली. लोकांना ती इतकी रुचली की १८५८ पासून तो तिकीट लावून वाचने करू लागला. एका प्रतीची पाने कापून मोठ्या कोऱ्या पानांवर चिकटवावयाची, नको ते खोडावयाचे, समासात आवाज कोठे चढवावयाचा याच्या खुणा करावयाच्या, अशी त्याची तयारी असे. हे आमच्या कीर्तनकारांच्या टिपणवहीसारखेच झाले. १८६७-६८ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने एकोणीस हजार पौंडांच्या आसपास मिळविले. प्रकृती मात्र खचली, आणि १८७० च्या मार्चमध्ये शेवटचे वाचन करून जूनमध्ये तो गेला. या मार्गात आम्हांस एक गोष्ट स्वच्छ वाटते. येथे दुसऱ्याचा शब्द उसना घेतलेला नाही. लेखक स्वतः उभा आहे, फोड कापून हातावर ठेवीत आहे. गोड लागली तर घ्या.

आता ज्या प्रकरणासाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला त्याकडे वळू. मार्सेल प्रूस्त हे नाव विसाव्या शतकातल्या कादंबरीच्या कोणत्याही चर्चेत पहिल्या दोन-तीन नावांत येते. परंतु १९१२ च्या अखेरीस हा एक्केचाळीस वर्षांचा, दमेकरी, श्रीमंत गृहस्थ पॅरिसमध्ये बड्या लोकांच्या मेजवान्यांना जाणारा हौशी लेखक म्हणूनच ओळखला जात होता. आपल्या अवाढव्य कादंबरीच्या पहिल्या भागाचे बाड घेऊन तो प्रकाशकांच्या दारी गेला. एकाने नाकारले. दुसऱ्या मंडळींत आंद्रे जीदसारखा लेखक होता, त्यांनीही नाकारले. तिसऱ्याने कळविले की, एका माणसाला झोप येत नाही म्हणून तो कूस कशी बदलतो हे सांगावयास तीस पाने का लागावीत, हे आपल्याला समजत नाही. हा अभिप्राय वाचून आज आपण हसतो. पण घरी आलेले बाड उघडून पहिली तीस पाने वाचावी लागणाऱ्या त्या गृहस्थाची बाजूही आम्हांस थोडीशी कळते.

शेवटी बेर्नार ग्रासे नावाच्या तरुण प्रकाशकाने लेखकाच्या खर्चाने पुस्तक काढण्याचे मान्य केले. बाड न वाचताच, असे म्हणतात. पैसे लेखकाचे असल्यावर वाचावयाचे कशाला? पुस्तक पाचशेंहून अधिक पानांचे. तरी किंमत साडेतीन फ्रँकच ठेवावी असा प्रूस्तचा आग्रह होता. आपला विचार पुष्कळांपर्यंत जावा, केवळ जाड पुस्तके घेणाऱ्या धनिकांपर्यंत नव्हे, ही त्याची इच्छा. १४ नोव्हेंबर १९१३ रोजी कादंबरी बाहेर पडली.

आता पाहा, हा रोगट, पडदे ओढून अंथरुणात पडून राहणारा मनुष्य प्रसिद्धीसाठी काय काय करतो ते. प्रकाशनाच्या ऐन तोंडावर ‘ल तां’ या भारदस्त दैनिकात त्याची मुलाखत आली. कादंबरी एवढी लांब का, आणि बुद्धीने ओढून आणलेली आठवण व एखाद्या चवीने वा वासाने आपोआप उठलेली आठवण यांत भेद कोणता, हे त्याने तीत समजावून सांगितले. हे योग्यच झाले. नव्या तऱ्हेच्या पुस्तकाची गुरुकिल्ली लेखकाने वाचकाच्या हाती द्यावी, यात वावगे काही नाही. पुस्तक त्याने ‘ल फिगारो’च्या संचालकाला अर्पण केले होते, ही गोष्ट त्या पत्रात पुस्तकाची आठवण राहण्यास उपयोगी पडलीच असेल. मित्रांनी परीक्षणे लिहिली. इथपर्यंतही आपण समजू शकतो. मित्र दुसरे कशाला असतात?

पण १९१४ सालच्या वसंतात ज्याक-एमिल ब्लांश या चित्रकार मित्राचे स्तुतिपर परीक्षण आले, तेव्हा प्रूस्तने त्याच्या पुढची पायरी ओलांडली. त्या परीक्षणाची वाहवा करणारी स्फुटे त्याने स्वतः तयार केली, ती जणू संपादकांनीच लिहिली आहेत अशा थाटात, आणि पैसे देऊन ती वृत्तपत्रांत छापवून आणली. ‘ल फिगारो’च्या पहिल्या पानावरच्या उल्लेखासाठी तीनशे फ्रँक, आणि ‘जुर्नाल दे देबा’तल्या मोठ्या मजकुरासाठी सहाशे साठ. प्रकाशकाकडील आपल्या माणसाला त्याने बजावले होते की मजकूर टंकलिखित करवून मगच पाठवावा, म्हणजे आपल्या हस्ताक्षराचा मागमूस राहणार नाही. ती पत्रे पुस्तकाच्या एका दुर्मिळ प्रतीबरोबर जपून राहिली आणि २०१७ साली त्या प्रतीच्या लिलावाच्या निमित्ताने जगापुढे आली. हस्ताक्षर पुसण्याची सूचना द्यावयाची ती हस्ताक्षरातच! माणूस केवढाही बुद्धिमान असो.

अशी पैसे घेऊन छापलेली स्फुटे त्या काळच्या पॅरिसच्या वृत्तपत्रांना नवी नव्हती, हे प्रूस्तच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुस्तक खरोखरच थोर होते, हेही सांगितले पाहिजे. जीदनेच जानेवारी १९१४ मध्ये पत्र लिहून, हे पुस्तक नाकारणे ही आपल्या संस्थेची सर्वांत मोठी चूक होती, अशी कबुली दिली. त्याच संस्थेने पुढचा भाग १९१९ साली काढला आणि त्याला गोंकूर पारितोषिक सहा विरुद्ध चार मतांनी मिळाले. जाता जाता सांगतो, हरलेल्या युद्धकादंबरीच्या प्रकाशकाने आपल्या पुस्तकावर पट्टी गुंडाळली: ‘गोंकूर पारितोषिक’ ठळक अक्षरांत, आणि खाली बारीक टाइपात ‘दहांपैकी चार मते’. प्रकरण कोर्टात गेले आणि त्या प्रकाशकाला दंड झाला. तेव्हा धूळफेक एकट्या प्रूस्तच्याच गावी नव्हती.

मग काय म्हणावयाचे? पुस्तक चांगले होते म्हणून खोटे बोलणे माफ? आमचे मत असे आहे की पैसे देऊन जागा घेणे निराळे आणि पैसे देऊन दुसऱ्याचे तोंड घेणे निराळे. जाहिरातीत आपल्या पुस्तकाला मेरू म्हणा की कौस्तुभ म्हणा. वाचणाऱ्याला ठाऊक असते की बोलतो तो दुकानदार. संपादकाच्या तोंडून तेच वदविले की वाचकाच्या हातचा तराजूच आपण काढून घेतला.

हे आम्ही ठासून बोलत आहो, आणि त्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे ते आता सांगून टाकतो. २००१ च्या त्या गठ्ठ्यांपैकी पाच महिन्यांत एकूण एकेचाळीस प्रती गेल्या होत्या. आमचे एक स्नेही तालुक्याच्या एका साप्ताहिकात मधूनमधून लिहीत. ते म्हणाले, “पुस्तक वाचावयास मला सवड नाही. तुम्हीच चार परिच्छेद लिहून द्या, मी माझ्या नावाने देतो.” आम्ही दोन दिवस नाही म्हटले आणि तिसऱ्या दिवशी रात्री बसून लिहिले. शेवटच्या प्रकरणाशी वाचकाचे डोळे पाणावल्याशिवाय राहत नाहीत, असे आम्ही त्यात लिहिले. लिहिताना लाज वाटली नाही. उलट असे वाटले की ही कोणीतरी म्हणावयाची गोष्ट आहे, ती म्हणण्यास एखादा माणूस तेवढा कमी पडला आहे.

ते छापून आल्यावर मनिऑर्डरने सात मागण्या आल्या. त्यांतल्या एका निवृत्त शिक्षकांचे महिनाभराने कार्ड आले. अक्षर सुरेख, पाटीवर कित्ता घातल्यासारखे. त्यांनी लिहिले होते की, कादंबरी दोनदा वाचली, भाषा शुद्ध आहे, माहेरचा भाग आवडला. परंतु शेवटच्या प्रकरणाशी परीक्षणात म्हटल्याप्रमाणे डोळे पाणावले नाहीत. दोष बहुधा आपल्या वयाचा असावा. तरी लेखकाने ते प्रकरण कोणत्या दृष्टीने वाचावे ते कळविण्याची कृपा करावी.

या कार्डाला आम्ही उत्तर लिहिले नाही. लिहावयास बसलो होतो. पण काय लिहिणार? ते आजही आमच्या टेबलाच्या खणात आहे.

दुसरी वाट आपल्याच घरात होती, हे ध्यानात येण्यास आम्हांस वेळ लागला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमाने दिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही लोकांनी आठवड्याच्या आठवड्याला, पुढच्या अंकाची वाट पाहत वाचली. तेथे पुस्तकाची थोरवी तिसऱ्या कोणी सांगावी लागत नव्हती. मागच्या आठवड्याचे प्रकरणच पुढच्याची शिफारस करी. डॉ. केतकर हेही कादंबरीकार, आणि ज्ञानकोशासाठी कंपनी स्थापून आगाऊ वर्गणीदार मिळवीत त्यांनी केलेली वणवण महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोश आधी विकला आणि मग लिहिला. पण वर्गणीदाराला काय मिळणार आणि काय अजून तयार नाही हे उघड होते.

हरिभाऊंच्या वाटेनेच अलीकडे अँडी वेअर नावाचा एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ गेला. मंगळावर एकटा अडकलेल्या माणसाची कादंबरी तो स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट ठेवी. वाचक त्याच्या रसायनशास्त्रातल्या चुका काढीत, तो दुरुस्त करी. वाचकांनीच आग्रह धरला म्हणून २०११ साली त्याने ती वाचनयंत्रावर ठेवता येईल त्या किमान किमतीला, ९९ सेंटला, विक्रीस ठेवली. २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने ती छापली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपट निघाला. असे भाग्य लाखांत एकाचे, हे आम्ही जाणतो. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात नव्या पुस्तकाची बातमी टाकली की अंगठे पुष्कळ वर होतात आणि पैसे पाठविणारे बोटांवर मोजता येतात. पण अंगठा दाखविणाऱ्याने निदान फसविले तरी नाही.

आता चिटणीसांच्या परवानगीने सांगावयाचे ते असे. या सभागृहाच्या दाराशी डाव्या हाताला एक टेबल मांडलेले आहे. त्यावर आमची दुसरी कादंबरी आहे. गेल्या महिन्यात निघाली. चारशे प्रती, खर्च आमचा. मलपृष्ठावर कोणाचाही अभिप्राय नाही. ती जागा कोरी सोडल्याबद्दल मुद्रकाने दोन वेळा विचारणा केली. पहिले प्रकरण सुटे छापून फुकट ठेवले आहे. ते घरी न्यावे, चहाबरोबर वाचावे. टेबल उद्या आणि परवाही, माला संपेपर्यंत, तेथेच राहणार आहे, तेव्हा घाई नाही.

(हे व्याख्यान ग्रंथासाठी लिहून काढताना आकडा देतो: तीन दिवसांत सुट्या प्रकरणाच्या एकशे दहा प्रती गेल्या आणि पुस्तकाच्या एकोणीस. एक वृद्ध बाई तिसऱ्या दिवशी सुटे प्रकरण परत घेऊन आल्या. त्यांनी त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीने दाखविल्या होत्या. पुस्तक त्यांनी घेतले नाही. दुसरे प्रकरण सुटे मिळेल का, असे विचारले. ते आम्ही छापावयास टाकले आहे.)